डावऱ्याच्या घरातला शिपाई

लोणावळ्याला लोक चिक्की घ्यायला आणि धुकं बघायला जातात. मी गेलो एका शिपायाचा चेहरा बघायला.

गेली बारा वर्षं मी एकोणिसाव्या शतकातल्या शिपायांचे फोटो जमवतो आहे. साहेबांचे फोटो मिळतात, तेही नावानिशी. आपल्या साध्या शिपायाचा सहसा मिळत नाही आणि मिळालाच तर मागे नाव नसतं. आमच्या समाजातले कितीतरी जण त्या काळी पलटणीत होते. त्यांतला एक तरी, नावासकट, आपल्या वहीत असावा अशी माझी फार दिवसांची इच्छा. म्हणून लोणावळ्यातल्या एका जुन्या वस्तूंच्या दुकानदाराचा फोन आला तेव्हा मी त्याच शनिवारी पुण्याहून लोकल पकडली.

"माझ्याकडे नाहीये सर," चहा मागवून दुकानदार म्हणाला. "बेडसे गावात आहे. पत्र्यावरचा फोटो, अस्सल. मी दोनदा जाऊन आलो, मावशी देत नाहीत. तुम्ही बघा, तुमचं तोंड गरीब आहे."

"घर कसं ओळखू?"

"डावऱ्याचं घर विचारा, कुणीही सांगेल. तो शिपाई डावखुरा होता. त्याच्यावरून अख्ख्या घराला नाव पडलंय."

रात्री स्टेशनजवळच्या साध्या लॉजवर राहिलो. रविवारी पहिल्या लोकलने कामशेतला उतरलो. तिथून पवनानगरकडे जाणाऱ्या जीप भरल्या की सुटतात, त्यामुळे घाई असेल तर स्वतःची गाडी आणा. बेडसे फाट्यावर उतरून गावापर्यंत चालावं लागतं. खायला फाट्यावर वडापाव, पुढे काही नाही. पाणी सोबत ठेवा.

गावामागच्या डोंगरात बौद्ध लेणी आहेत. त्यांचं तोंड पूर्वेला आहे, तेव्हा जायचं ते सकाळीच. पायऱ्या दम काढतात. वर गेल्यावर मात्र कोवळं ऊन थेट खांबांवर पडलेलं असतं आणि खांबांच्या माथ्यावर कोरलेली माणसं नुकतीच जागी झाल्यासारखी दिसतात. त्यांचीही नावं कुणाला ठाऊक नाहीत. स्तूपापुढे बसून हळू आवाजात त्रिशरण-पंचशील म्हटलं. खोटं बोलणार नाही, हे त्यातलं चौथं शील. ते तासाभरात माझी परीक्षा घेईल असं तेव्हा वाटलं नव्हतं.

डावऱ्याचं घर लगेच सापडलं. "जय भीम, मावशी," म्हणत आत गेलो आणि जुने फोटो जमवतो, शिपायाचा फोटो बघायला आलोय, हे सांगितलं. सत्तरीच्या हौसामावशी लसूण सोलत होत्या. शेजारी त्यांची नात मैत्री, तिसरीतली, पोहे खात होती. तिच्या डाव्या हाताला रुमाल गुंडाळलेला होता.

"काय लागलं गं हाताला?"

"लागलं न्हाई," मावशी म्हणाल्या. "आयनं बांधलाय."

आई, सुनंदा, नवलाख उंबरे गावातल्या कंपनीत कामाला. आज सुटी होती. ती चुलीपुढूनच बोलली, "उद्या सासरी डाव्या हातानं वाढंल, तवा बोलणी कुणाला बसत्याल?"

"आन् पलटणीतल्या आबांनी बंदूक कंच्या हातात धरलीया?" मावशींनी ट्रंकेतून लुगड्याच्या तुकड्यात गुंडाळलेला फोटो काढला. "बघा तुमीच. माज्या सासऱ्यांचं आजं. रायनाक नाव."

तळहाताएवढा काळा पत्रा. त्यावर झुपकेदार मिशांचा, डोळे ताणून उभा राहिलेला माणूस. छातीवर आडवे पट्टे. डाव्या हातात बंदूक. चेहरा होता, नाव होतं.

मग पट्ट्यावरच्या बिल्ल्याकडे लक्ष गेलं. त्यावरचा आकडा उलटा होता.

पत्र्यावरचा फोटो आरशासारखा उलटा उमटतो. रायनाकांची बंदूक उजव्या हातात होती.

सुनंदा पदराला हात पुसत पुढे आली. "भाऊ, तुमी यातलं जाणकार. खरं सांगा, आबा डावरं व्हतं का? व्हतं म्हणा, मी आजपास्नं हिच्या हाताला रुमाल लावणार न्हाई."

मैत्रीचा घास हातातच राहिला. मीही तिसरीपर्यंत डावरा होतो. गुरुजींनी पट्टीनं बोटं सोलून मला उजवा केला. एक 'हो' म्हटलं की झालं असतं.

"नाही," मी म्हणालो. "आबा उजवेच होते."

मैत्रीने आरसा आणला. आरशात आकडा सुलटा झाला आणि बंदूक उजव्या हातात गेली. मावशींनी दोनदा बघितलं आणि माझ्याकडे असं पाहिलं, जणू उगाच हा पाहुणा घरात घेतला.

"पण सुनंदाताई," मी घाईने म्हणालो, "मी डावरा होतो. मारून उजवा केला. आता पन्नाशी आली, खिळा ठोकताना हातोडी अजून डाव्या हातात जाते. हात काही बदलला नाही, नुसता घाबरून बसला."

तेवढ्यात मैत्रीने रुमाल दातांनी सोडला, डाव्या हातात चमचा धरला आणि आरशापुढे उभी राहिली.

"आई, हे बग. आरशात मीबी उजवीच हाय."

सुनंदाला हसू आवरेना. रुमाल उचलून तिने त्यानेच पोरीचं तोंड पुसलं आणि तो स्वतःच्या कमरेला खोचला.

"ते ऱ्हाऊ दे," मावशी कुरकुरल्या. "आता घराला काय म्हनायचं? समदा गाव डावऱ्याचं म्हनतो."

"म्हनू दे की," मैत्री म्हणाली. "मी हाय ना."

फोटो मी मागितलाच नाही. अंगणात सावलीत धरून मोबाईलवर त्याचा फोटो काढून घेतला. ओल्या फडक्याने पत्रा पुसायचा नाही, हे मावशींना तीनदा सांगितलं. "व्हय वो, कळलं," म्हणत त्यांनी मला पोहे वाढले. मैत्रीने लिंबू आणून दिलं, डाव्या हाताने.

घरी येऊन प्रिंट काढली ती पत्र्यावर आहे तशीच, उलटी. वहीत चिकटवली आणि खाली नाव लिहायला पेन उचललं. थोडा थांबलो. मग ते डाव्या हातात घेतलं.

रायनाक, बेडसे. अक्षर तिसरीतल्या पोरासारखं आलंय. पण वाचता येतं.