पिवळी पट्टी, हिरवी पट्टी

“गोळ्या बंद केल्या, दादा. पोरीनं अंग धरलंय. गाल बघा कशे भरलेत.”

हिराबाई कौतुकानं सांगत होत्या. डोळखांबकडच्या पाड्यावरून अकरा वर्षांच्या मनीषाला घेऊन आल्या होत्या. भात झोडून झालं की सगळं घर वीटभट्टीवर जाणार, त्याआधी दाखवून जावं म्हणून. मी ग्रामीण रुग्णालयात लॅब टेक्निशियन. ते गाल बघून मी हातातलं काम बाजूला ठेवलं.

मनीषाला ल्युपस आहे. शरीराचं रक्षण करणारी यंत्रणाच शरीरावर उलटते. कुंपणानं शेत खावं तसं. नाकागालांवर लाल चट्टे येतात, सांधे दुखतात, उन्हानं त्रास वाढतो. मुलांमध्ये मूत्रपिंडाला धोका मोठा. तिचे गाल तब्येतीनं नाही, स्टेरॉइडच्या गोळ्यांनी फुगले होते. या गोळ्या डॉक्टर हळूहळू कमी करतात. एकदम थांबवल्या तर जिवावर बेततं.

लगेच लघवी तपासली. तपासणीची पट्टी बुडवायची, मिनिटभर थांबायचं. पिवळी राहिली तर ठीक, हिरवी झाली तर लघवीतून प्रोटीन जातंय. पट्टी हिरवीगार झाली.

मॅडमनी, म्हणजे आमच्या मेडिकल ऑफिसरनी, तिच्यावर उपचार करणाऱ्या मुंबईच्या डॉक्टरांना फोन लावला. मनीषा तिकडे ॲडमिट झाली, गोळ्या पुन्हा सुरू झाल्या. ती सावरून परत आली, तरी भट्टी काही सुटणार नव्हती.

“तिथं तपासणार कोण?” मॅडम म्हणाल्या.

“पट्ट्या आईकडे देऊ.”

“अहो, त्यांना वाचता येत नाही.”

“भात कापायला आलं हे त्यांना कोण वाचून दाखवतं, मॅडम?”

मॅडम हसल्या, तयार झाल्या. हिराबाईंना मी एकदाच करून दाखवलं. दर सोमवारी, सकाळची पहिली लघवी.

“म्हंजे भातासारखंच,” त्या म्हणाल्या. “पिवळं ते बरं.”

मनीषाला उन्हात काढायचं नाही, गोळी चुकवायची नाही, हेही त्यांनी दोनदा म्हणून दाखवलं.

दोन महिन्यांनी फोन आला. “दादा, पोर खेळतेय, सूज नाय, काय नाय. पन पट्टी हिरवी झाली.”

दुसऱ्या दिवशी मायलेकी एसटीनं हजर. मुंबईच्या डॉक्टरांना विचारून औषध बदललं. वेळेत आली म्हणून मूत्रपिंडं वाचली, असं ते म्हणाले. “इतक्या लवकर ओळखलं कुणी?” त्यांनी विचारलं.

“आईनं,” मॅडम म्हणाल्या.

माझं नाव कुणी घेतलं नाही. तरी माझी छाती फुगली ती फुगलीच.

तेव्हापासून अशा गोळ्या खाणाऱ्या कुठल्याही पोराचे गाल भरलेत असं कुणी कौतुकानं म्हणालं, की मी मान डोलावतो आणि आधी लघवीची डबी हातात देतो.