भांडलेल्या जोडीचं नवं गाणं

मित्रांनो, आज बालाघाटच्या आमच्या दुकानात भाड्याचे स्पीकर तपासत होतो, तेवढ्यात मालकांनी हाक मारली. "अबे रोशन, तुह्ये ते दोघं परत आले ना बे. नवीन गाणं टाकलं त्यायनं."

मला खोटंच वाटलं. कॉम्प्युटर आणि कीबोर्डवर गाणी करणारी ही माझी आणि कॉलेजातल्या माझ्या मैत्रिणीची, प्राचीची लाडकी जोडी. भांडून वेगळे झाले तेव्हा दोघांनी एकमेकांचं तोंड पाहणार नाही, असं जाहीर सांगितलं होतं.

मी कॉलेज सोडलं तेव्हा माझंही प्राचीशी तसंच वाजलं. तिच्या गावच्या, वारासिवनीच्या बसमध्ये चढताना ती म्हणाली होती, "ते दोघं परत एकत्र गातील ना, त्या दिवशी मले फोन कर. त्याच्या आधी नाई."

म्हणजे कधीच नाही, हे मला कळलं होतं.

आज मालकांनी लावलेलं ते गाणं अर्धवट सोडून बाहेर पळालो आणि फोन लावला. तिनं उचलला. मागे तेच गाणं चालू होतं.

"काहून उशीर केला? गाणं तर सकाळीच आलं."

"मले आत्ताच समजलं."

"अजून तसाच तापट आहेस का?"

"हौ. थोडा कमी."

ती हसली. "पाहू. रविवारी बालाघाटले येऊन राह्यली मी."

आत आलो तर मालक म्हणाले, "पहिल्यासारखी मजा नाई बे."

एरवी मी तिथंच भांडलो असतो. आज म्हटलं, "इतक्या दिवसांनी एकत्र आले भाऊ, जमत जाईल."

आता तुम्हीच सांगा, रविवारी तिच्याशी पहिलं वाक्य काय बोलू?