जावेच्या गाडीचा ब्रेक आणि माझं गप्प बसणं

बायांनो, आज मी जावेवर लई जळले. लपवत न्हाई.

भोसरीला आमच्या गॅरेजवर धाकटी जाऊ स्पोर्ट्स कार घेऊन आली. दुसरीकडून मोठे लाल कॅलिपर, म्हणजे चाकाची चकती आवळून धरणारे ब्रेकचे चिमटे, बसवून घेतले, तेव्हापासून ब्रेकचं पॅडल मऊ लागतंय म्हणे.

ब्रेकच्या तेलात हवा शिरली की पॅडल मऊ पडतं, ती हवा काढताना पॅडल दाबायचं काम वीस वर्षं माझं. आज नवरा तिला म्हणाला, "तूच बस आत, तुझी गाडी हाय." ती गॉगल लावून दाबतेय आणि मी बाहेर उभी.

तीनदा हवा काढली तरी पॅडल मऊच. मला मात्र दिसलं. डावा कॅलिपर उजवीकडे बसवला होता, उजवा डावीकडे. हवा काढायचं तोंड खाली गेलेलं, मग वरची हवा निघणार कशी? तरी मी गप्प बसले. होऊ दे तिची फजिती.

तेवढ्यात ती म्हणाली, "राहू द्या भावजी, अशीच हळू नेते. पोराला शाळेतून घ्यायचंय."

"उतर खाली," मी म्हणाले. "कॅलिपर उलटे बसवलेत."

नवऱ्यानं अदलाबदल करून परत हवा काढली. या वेळी पॅडल मी दाबलं, एकदम घट्ट लागलं. जाऊ म्हणाली, "भावजींच्या हाताला गुण हाय."

ती पोराचं बोलली नसती, तर मी तोंड उघडलं असतं का? तुम्ही उघडलं असतं?