भिंतीवरचे तिघे

बोटाच्या पेराने भिंतीवर टकटक करायची, कान लावायचा आणि म्हणायचं, "ओली आहे अजून. घाई नको." आमच्या ड्रॉइंग मास्तरांचं हे रोजचं. वर्ष बहात्तरचं, गावाला प्यायला पाणी नाही, भिंतीला ओल येणार कुठून? पण मास्तरांना ती ओलीच लागायची.

सोनईच्या पुढे एका खेड्यात, एकाहत्तरच्या लढाईत गेलेल्या तीन जवानांचं स्मारक म्हणून छोटं प्रार्थनामंदिर उभं राहत होतं. मी तिथला ओव्हरसियर. तिघांतला एक ख्रिस्ती, दोघे हिंदू शेतकऱ्यांच्या घरचे. पण तिघेही मिशनच्या शाळेत मास्तरांच्या हाताखाली शिकलेले, म्हणून स्मारक तिघांचं. काळ्या दगडाच्या भिंती, कमानीचं छत आणि वेदीमागे चुन्याचा गिलावा केलेली अर्धगोल भिंत. मास्तरांनी माझ्याकडे एकच हट्ट धरला होता. खिडक्या उंच आणि अरुंद ठेवा, ऊन चेहऱ्यांवर एकदम पडायला नको.

वेदीमागे त्यांनी येशूच्या पुनरुत्थानाची पहाट काढली होती. उघडी कबर, बाजूला लोटलेली धोंड आणि तिथून ज्वारीतून गावाकडे येणारी वाट. वाटेवर तिघे चालत येताहेत. एकाच्या खांद्यावर टॉवेल, एकाच्या हाती सायकल, एक अनवाणी.

"वर्दी का नाही?" मिशनच्या चर्चचे धर्मगुरू, पाळकसाहेब, यांनी विचारलं.

"आयांना ओळखू यायला हवेत," मास्तर म्हणाले.

मास्तरांचा स्वतःचा मुलगाही त्याच लढाईत होता. तो बेपत्ता, एवढंच सरकारने कळवलेलं. रंगांच्या डब्यांशेजारी ट्रान्झिस्टर सतत चालू असे. बाहेर पोस्टमनची घंटा वाजली की मास्तरांचा कुंचला हवेतच थांबायचा. घंटा पुढे गेली की ते खाली उतरून पाणी प्यायचे.

महिने गेले. पाळकसाहेब एकदा हळूच म्हणाले, "मास्तर, चौथ्यालाही वाटेवर घ्या." दोन-चार दिवसांनी मला तिघांच्या मागे कोळशाने काढलेला एक चौथा दिसला.

त्याच दुपारी मास्तरांच्या मंडळी डबा घेऊन आल्या. त्यांनी भिंतीकडे पाहिलं, डबा खाली ठेवला आणि पदराने तो चौथा पुसायला लागल्या. "जित्या माणसाला या वाटेवर आणू नका," एवढंच म्हणाल्या. उरलेल्या रेघा मास्तरांनी स्वतः खरवडून काढल्या.

त्या हिवाळ्यात युद्धकैदी सुटले. त्यांत मास्तरांचा मुलगा होता. लंगडत आला, ओळखू येईना इतका वाळलेला, पण आला. गावाने हार घातले. चार दिवसांनी मास्तर कामावर आले, पण शिडीवर चढेनात. मला बाजूला घेऊन म्हणाले, "ओव्हरसियरसाहेब, माझ्या चेहऱ्यावर दिसतं का हो? म्हणजे, आनंद? इथे तिघांच्या आया येतात."

आणि एक आई आलीच. सायकलवाल्या पोराची. सगळं गाव तिला आक्का म्हणायचं. दारातच उभी राहून म्हणाली, "मास्तर, तुमी चित्र पुसलं अन् तुमचं लेकरू घरी आलं. माज्या बी पोराचं पुसा."

"आक्का, तसं नसतं."

"मला ठावं हाय. तरी पुसा."

उद्घाटन तोंडावर आलं होतं, नगरहून लष्करातले अधिकारी यायचे होते. मास्तरांनी माझ्याकडे पाहिलं, मी खाली पाहिलं. त्यांनी खरवडणी उचलली आणि पोरगा, सायकल, सगळं उतरवलं. आक्का शेवटपर्यंत उभी होती.

पंच मंडळी त्यांच्यावर तुटून पडली. "भिंत ओली होती, रंग धरला नसता," यापलीकडे मास्तर बोलले नाहीत. उद्घाटन झालं ते दोघांच्या मधल्या पांढऱ्या डागासकट.

पुढे माझी बदली श्रीगोंद्याला झाली. वर्षभराने छत गळतं म्हणून मला बोलावलं, तेव्हा मास्तर शिडीवर होते आणि खाली आक्का बसलेली.

"कान येवढं मोठं न्हवतं त्याचं," ती सांगत होती.

मास्तरांनी कान पुसला. माझ्याकडे वळून हळू आवाजात म्हणाले, "परवा स्वतःच आल्या. म्हणाल्या, काढा आता, न्हाई येत त्यो."

"तोंड मिटल्यालं नगं," खालून आवाज आला. "मला लांबनं बघितलं की हसायचा."

मास्तर शिडीवरून उतरले, बाहेर जाऊन चिंचेखाली थोडा वेळ बसले. मग येऊन त्यांनी ते हसू काढलं.

म्हातारपणी मुलगा त्यांना कोपरगावला घेऊन गेला. ते तिथेच गेले. मला उशिरा कळलं, मातीला जाता आलं नाही. नंतर त्या बाजूला काम निघालं तेव्हा मंदिरात डोकावलो. आक्का वेदीपुढे झाडत होती.

"मास्तर गेलं म्हनं," ती म्हणाली.

"हो."

कमरेवर हात ठेवून ती भिंतीकडे पाहत राहिली. "समद्यांची चित्रं काढली त्येनी. त्येंचं कुनीच काढलं न्हाई."

आणि पुन्हा वाकून झाडायला लागली.