पत्र्याखालची फट

आमच्या घरात टीव्हीचा आवाज मोठा असतो, आणि तो कमी कर म्हणून कुणी सांगितलं की माझं डोकं फिरतं. मुलगा पुण्याहून येतो, आल्या आल्या रिमोट हातात घेतो आणि विचारतो, आई, शेजारच्या गावाला ऐकवायचंय का? मी त्याच्या हातातून रिमोट काढून घेते. त्याला काय सांगणार? आवाज मोठा ठेवायची ही रीत माझी नाहीच. ती आक्काची. आक्का म्हणजे माझी थोरली जाऊ, आणि ती आता नाही.

मी नगरची. बारावी झाले आणि मिरजगावच्या बाजूला, डांबरी रस्त्यापासून बरीच आत असलेल्या वस्तीवर लग्न होऊन आले. येताना एक ट्रंक भरून पुस्तकं आणली होती. सासरच्यांना वाटलं भांडी असतील. ट्रंक उघडल्यावर सगळ्यांची तोंडं बघण्यासारखी झाली. एकटी आक्का पुढं आली, एक जाडजूड कादंबरी तिनं हातावर तोलून बघितली आणि म्हणाली, "एवढं समदं कुनाचं गाऱ्हानं हाय गं ह्यात?"

आक्काला वाचता येत नव्हतं. तिचे आईवडील पाथर्डीकडचे, दर साली ऊसतोडीला जायचे, तिलाही बरोबर न्यायचे. शाळा राहिली ती राहिलीच. पण गोष्टीचं वेड माझ्याइतकंच, माझ्यापेक्षा कांकणभर जास्तच. संध्याकाळी सातची मालिका लागली की चुलीवरचं कालवण करपलं तरी तिला पत्ता नसायचा. मालिकेतल्या कपटी बायकांना ती समोर बसवल्यासारख्या शिव्या घालायची. आणि दुपारी, गडीमाणसं रानात गेली की, मी तिला कादंबरी वाचून दाखवायचे. ती तूर निवडत बसायची, नाहीतर ज्वारी पाखडत. टीव्हीवाल्यांकडून मी एक गोष्ट बरी शिकले होते. ऐन रंगात आलं की पुस्तक मिटायचं, हाताचा पंजा दाखवायचा आणि म्हणायचं, पुढचं उद्या. आक्का चिडून सूप आपटायची. दुसऱ्या दिवशी मात्र जेवणं उरकायच्या आत ती माझ्या मागं मागं यायची.

आठ-नऊ वर्षं असं चाललं. मग विहिरीच्या पाळीवरनं दोघा भावांचं बिनसलं. मोटारीला लाईट मिळणार मोजकी, त्यात आधी कुणाचं रान भिजवायचं, एवढीच गोष्ट. पण शब्दाला शब्द लागला आणि पंच बसले. पंचांनी जनावरं वाटली, भांडी वाटली, सासूबाईंचा पितळी हंडासुद्धा वाटला. टीव्ही ज्या खोलीत होता ती खोली तिकडं गेली म्हणून टीव्ही तिकडं गेला. पुस्तकं कुणालाच नको होती म्हणून ती माझ्याकडं राहिली. माजघराच्या मधोमध भिंत आली. विटा कमी पडल्या की गवंडी कंटाळला कोण जाणे, पण भिंत पत्र्याला भिडलीच नाही. वर हातभर फट राहून गेली.

आमच्याकडं भावाभावांचं बोलणं बंद झालं की त्यांच्या बायकांचंही बंद होतं. त्यांना कुणी विचारत नाही आणि वेगळं सांगतही नाही. हळदीकुंकवाला दोघींना एकाच घरचं बोलावणं असलं तर एकीनं उठायचं, मग दुसरीनं बसायचं. वाटेत समोर आली तर पदर सारखा करत दुसरीकडं बघायचं. मला ह्याचा इतका संताप यायचा. भांडण तुमच्या पाण्याचं, आमच्या गोष्टींनी कुणाचं घोडं मारलं होतं? एकदा मालकांना मी असं बोलून दाखवलं. ते भरल्या ताटावरून उठले. मग मीही तोंड शिवून घेतलं.

भिंत झाली त्या दिवशी संध्याकाळी मी भाकरी थापत होते. सात वाजले आणि फटीतून मालिकेचं गाणं आलं, असलं मोठ्यानं की परातीतलं पीठ हललं असेल. मालक म्हणाले, बहिरी झाली का ती? मुद्दाम करत्यात. मुद्दाम तर होतंच. जाहिरात लागली की आवाज बारीक व्हायचा, मालिका सुरू झाली की पुन्हा मोठा. आणि मधेच, टीव्हीतलं कुणी बोलत नसलं की, आक्का स्वतःशीच बोलल्यासारखं करायची. "ठिवली बघा चिठ्ठी उशीखाली. आता ही भवानी दाराआडून बघतीय." तिच्या घरच्यांना वाटायचं, ही टीव्हीशी बोलते. मला कळायचं, ती मला चित्र दाखवतेय. मी भिंतीला पाठ लावून बसायचे आणि डोळे पुसत भाकरी भाजायचे. धूर लागतोय म्हणायला चूल होतीच.

मग मीही दुपारी भिंतीजवळ बसून मोठ्यानं वाचायला लागले. नगरला माहेरी गेले की वाचनालयातून पुस्तकं आणायचे, नाहीतर भाऊ एसटीनं पाठवायचा. पलीकडून सुपाचा आवाज यायचा. गोष्ट रंगात आली की सूप थांबायचं. मी पुस्तक मिटलं की ते जमिनीवर आपटायचं. बस, एवढंच आमचं बोलणं. ऐन सातला लाईट गेली तर आम्ही दोघी आपापल्या अंधारात बसून असायचो, आणि आत्ता मालिकेत काय चाललं असेल ते आक्का अंदाजानं सांगत राहायची. तिचे अंदाज लिहिणाऱ्यांपेक्षा बरे असायचे, हे मी खोटं सांगत नाही.

पुढं मुलगा कमवायला लागला आणि आमच्याकडंही टीव्ही आला. मालकांना वाटलं, आता हिची सोय झाली. मी काय करायचे, आमच्या टीव्हीचा आवाज पार बंद करायचे. चित्र इकडचं बघायचं आणि ऐकायचं तिकडचं. आक्काच्या शिव्यांशिवाय मालिका म्हणजे मिठाशिवाय कालवण.

आणि त्या शिव्याच एक दिवस घोगऱ्या झाल्या. मला वाटलं, सर्दी असेल. मग ती अडखळायला लागली, मधेच खोकून गप्प व्हायची. बायकाबायकांच्या बोलण्यातून कळलं की तिला नगरला दवाखान्यात नेलंय, घशात गाठ आहे. जन्मभर दाताला तंबाखूची मिसरी लावायची ती. ऑपरेशन करून आणली तेव्हा जीव वाचला होता, आवाज गेला होता. सात वाजता पलीकडं टीव्ही लागला, पहिल्यासारखाच मोठा. मालिकेत सासूनं सुनेच्या दुधात काहीतरी कालवलं. मी वाट बघत राहिले. पलीकडून काही म्हणजे काही आलं नाही. तेवढ्या गोंगाटात मला भणभणल्यासारखं झालं.

दुसऱ्या दिवशी ती सासू पुन्हा दिसली आणि माझ्या तोंडातून निघून गेलं, आक्काच्याच हेलात, "तुझा मुडदा बशिवला सटवे, ठिव तो पेला खाली." मालक जेवता जेवता माझ्याकडं बघायला लागले. आणि फटीतून टाळी आली. एकच, पण जोराची. त्या दिवसापासून तिच्या वाटच्या शिव्या मी घालायचे आणि ती टाळी वाजवायची. नगरची बारावी झालेली बाई ऊसतोडीच्या बोलीत कडाकडा शिव्या द्यायला शिकली. मालकांनी एकदाही अडवलं नाही, हे मात्र मानावं लागेल.

त्याच दिवसांत मी एक जाड कादंबरी वाचायला काढली होती. सासरच्यांनी हाकलून दिलेली एक बाई स्वतःच्या पायावर उभी राहते, आणि वर्षांनी तेच लोक तिला न्यायला दारात येतात. ती परत जाते की नाही, ह्यावर सगळं अडलेलं. आक्काचा जीव टांगणीला लागला होता. मी पुस्तक मिटलं की पलीकडून सूप नाही, नुसता भिंतीवर हात आपटायची. मग एका दुपारी हात आपटला नाही. दुसऱ्या दुपारीही नाही. सातला टीव्ही लागला पण टाळी नाही. मला एवढंच हवं होतं की तिला ह्या गोष्टीचा शेवट ऐकायला मिळावा, आणि जमलं तर एकदा, भिंत मधे नसताना, तिच्या शेजारी बसून. हे मी कुणाला मागणार होते?

आठवडाभरानं सकाळी थोरले दीर आमच्या दारात येऊन उभे राहिले. त्यांना सगळे आप्पा म्हणतात. लग्न झाल्यापासून मी त्यांच्यासमोर पदर खाली घेतला नव्हता की त्यांच्याशी एक शब्द बोलले नव्हते, आमच्यात थोरल्या दिरांशी तसं बोलत नाहीत. मालक ओट्यावर चहा पीत होते. आप्पांनी त्यांच्याकडं बघितलं नाही, माझ्याकडंही नाही. खाली जमिनीकडं बघत म्हणाले, "तिची बाज पुढच्या खोलीत हलावलीय, हवा लागावी म्हनून. तिथवर वाचलेलं जात न्हाई. आत येऊन वाचलं तर बरं हुईल."

म्हणजे इतकी वर्षं त्यांना माहीत होतं. मी मालकांकडं बघितलं. त्यांनी कपबशी खाली ठेवली, वाटेत पडलेल्या स्वतःच्या चपला पायानं बाजूला सारल्या आणि म्हणाले, "जा."

आक्काला मी जवळून बघितलं आणि रडायचं नाही असं ठरवलेलं सगळं विसरले. केवढी बाई, केवढीशी उरली होती. गळ्याभोवती पंचा गुंडाळलेला. ती हसली, माझ्या केसांतल्या पांढऱ्या बटेला हात लावून बघितला, आणि मग माझ्या काखेतल्या पुस्तकावर बोट आपटलं. आधी ते, बाकीचं मग. मी वाचायला बसले. दुपारी वाचायचे आणि सातपर्यंत थांबायचे. दोघी एकाच बाजेवर बसून एकाच टीव्हीवर मालिका बघायचो. आप्पा ओसरीवर पाठमोरे बसलेले असायचे. मी शिवी घातली की त्यांचे खांदे हलायचे.

शेवटची थोडी पानं उरली तेव्हा ती फार थकली होती. मी म्हणाले, आज संपवूनच टाकते. सासरची माणसं दारात येऊन उभी राहतात, ती बाई आतून कडीला हात लावते, इथवर वाचलं. तेवढ्यात आक्कानं हात वर केला. पंजा दाखवला मला. पुढचं उद्या. मी म्हणाले, आक्का, तू लई टीव्हीवाल्यांसारखी झाली. ती हसली, नुसते ओठ हलले. मला वाटलं, गोष्ट जपून ठेवतेय, म्हणजे उद्या जगायला तिला काहीतरी कारण राहील. मी पुस्तक मिटलं.

पहाटे ती गेली. मालकांनी भावाच्या बरोबरीनं खांदा दिला. दोघं शेजारी शेजारी चालले, बोलले नाहीत. सुतकात दोन्हीकडचे टीव्ही बंद होते. चौदावं झालं, पाहुणे पांगले, आणि मी पुन्हा माझ्या बाजूला येऊन बसले. पलीकडं एकटे आप्पा. जाऊच नाही म्हटल्यावर मी त्या घरात कुणाच्या नावानं जाणार? पहिल्या संध्याकाळी सातला तिकडून काही आलं नाही. मी आमचा टीव्ही लावला. आवाज वाढवत नेला, वाढवत नेला, फटीतून पार पुढच्या खोलीपर्यंत जाईल एवढा. तो अजून तेवढाच आहे.

दुसऱ्या दिवशी दुपारी भिंतीपलीकडं कुणीतरी बसल्याचं कळलं. खोकला आप्पांचा होता. तिच्या जागेवर बसले होते. मी ट्रंकेवरचं पुस्तक घेतलं, खूण काढली आणि उरलेलं वाचलं. त्या बाईनं कडी काढली. सगळं गिळून, डोक्यावर पदर घेऊन ती त्यांच्यामागं निघाली. संपलं. मी पुस्तक मिटलं.

थोड्या वेळानं पलीकडून विचारणं आलं, "गेलीच का मंग ती?"

"गेली," मी म्हणाले. आयुष्यात पहिल्यांदा मी आप्पांशी बोलत होते.

"तिला हे पटलं नसतं."

"न्हाई पटलं असतं. शिव्या घातल्या असत्या तिनं."

ते भिंतीला अगदी लागून, हळू आवाजात म्हणाले, "मंग घाल की. तेवढ्याच कानावर पडू दे."

मी तोंड उघडलं. सगळ्या शिव्या पाठ होत्या मला, तिच्या हेलासकट. पण त्या दुपारी माझाही आवाज फुटला नाही.