खुर्शिदभाभीच्या ओढणीखाली

शिक्रापुरात अजून कुजबुज चालते, की महिलादिनाच्या प्रश्नमंजूषेची पैठणी खुर्शिदभाभीनं ओढणीखाली मोबाइल लपवून मारली.

खुर्शिदभाभी म्हणजे पेठेतली शिलाईवाली. पैठणी कुणीही जिंको, फॉल-पिकोला येणार हिच्याकडंच. गेली तीन वर्षं सिंधूबाईच जिंकत होती, आणि तिन्ही वेळा फॉल लावता लावता भाभीनं पदरावरच्या मोरांवरून हात फिरवला होता. "एखादा मोर माझ्याबी घरी यावा की," म्हणायची. सामान्यज्ञान तर तिच्याकडं आयतं चालत यायचं. भाडेकऱ्यांची पोरं मशीनशेजारी बसून खच्चून धडे पाठ करायची.

यंदा शेवटी उरल्या या दोघीच. निवेदक रविराजनं विचारलं, "भीमा नदीचा उगम कुठं?"

भाभीनं हात ओढणीत घालून गालाशी धरला, डोळे मिटले, आणि ओठ न हलवता म्हणाली, "भीमाशंकर."

"खो-खोत एका संघाचे मैदानात किती खेळाडू?"

पुन्हा हात, पुन्हा डोळे बंद. "नऊ."

सिंधूबाईच्या पोटात दुखायला लागलं. संशयाला तिला निमित्त लागत नाही. नवऱ्यानं दाढी केली तरी 'कुणाकडं निघाला' विचारते. ती सरकत सरकत भाभीच्या कानाला कान लावून बसली. आतून नुसतं बारीक कण्हणं. फोनला रेंज नसावी, तिनं ठरवलं.

"शेवटचा प्रश्न. मोठ्या माणसाला दात किती?"

भाभीनं गर्दीतल्या आपल्या मुलाकडं, अनिसकडं, चोरून पाहिलं. "बत्तीस. सगळे असले तर."

"असले तर म्हंजी?" सिंधूबाई उठलीच. "रविराज, हिला फोनवर कुणीतरी सांगतंय. भाभी, काय हाय ते दाखवा, न्हाईतर पैठणी माझी."

भाभीनं मुठीतली वस्तू गुपचूप तिच्या हातात सरकवली आणि कानात काहीतरी पुटपुटली. सिंधूबाईनं चटका बसल्यासारखा हात झटकला, अनिसकडं पाहिलं, आणि पदर तोंडात कोंबून इतकी हसली की खुर्चीवरून घसरली. मग माईक ओढून म्हणाली, "मोबाइल न्हाई. काय हाय ते मी सांगणार न्हाई. द्या तिला पैठणी." आणि हळूच, "भाभी, चार ब्लाउज फुकट बरं का."

तिनं सांगितलं नाही, म्हणून गावानं मोबाइलच धरला.

मुठीतल्या पुरचुंडीत शेकायचं गरम मीठ होतं. भाभीची दाढ दुखत होती. ती काढायला अनिसनं सकाळी दवाखान्यात पाठवलं होतं. "काढून आले," असं त्याला सांगून ती थेट स्पर्धेला आली होती.