अप्पांची सोमवारची दाढी

आमचे दाजी शंकरप्पा म्हणजे दुकानाचं कुलूप तीनदा ओढून बघणारे गृहस्थ. चार पावलं चालून गेले की परत फिरायचे आणि चौथ्यांदा ओढायचे. मी वीरभद्र, त्यांचा धाकटा मेहुणा. चेष्टा करायचा हक्क मला होता आणि मी तो कधी वाया घालवला नाही. पण या माणसाच्या हाती वस्तरा आला, तोही बापाच्या गळ्यावर फिरवायला, तेव्हा मला हसू आलं नाही. भीतीच वाटली.

त्यांचं गाव अहमदपूरपासून दोन कोसांवर. लातूर जिल्हा होऊन तीन-चार वर्षं झाली होती आणि पावसानं लागोपाठ दुसऱ्यांदा दगा दिला होता. गावचा वारीक, म्हणजे न्हावी, दगडोबा लातूरला निघून गेला. तिकडं रोज एक नवं ऑफिस उघडत होतं, गुळगुळीत दाढी लागणारे कारकून वाढत होते. इकडं टँकरच्या पाण्यासाठी भांडणं. दाढी भिजवणार कोण? जाताना त्यानं एक वस्तरा, धारेचा दगड आणि चामड्याचा पट्टा दाजींच्या हवाली केला. सगळं अप्पांच्या दाढीसाठी.

अप्पा म्हणजे दाजींचे वडील, गुरुपादप्पा. आदल्या वर्षी अर्धांगानं त्यांची उजवी बाजू गेली, वाचाही गेली. नेम मात्र गेला नाही. सोमवारी आधी दाढी, मग अंग पुसणं, मग लिंगपूजा आणि त्यानंतरच जेवण. दाढीला चाळीस वर्षं दगडोबाचाच हात.

दगडोबानं दाजींना गोठ्यात बसवून एकदाच शिकवलं होतं. "दगडावर पाणी टाका मालक, चार थेंब का हुईना. कोरडं घासू नका. वस्तऱ्याची पाठ आन् धार दोन्ही दगडाला टेकल्या पाहिजेत. धार पुढं ठिवून ढकला. उलटायचा तर पाठीवरनं. दाबू नका, त्याचं वजन त्याला बस हाय. मग पट्ट्यावर उलटं, पाठ पुढं आन् धार मागं. झालं की पुसून तेलाचं बोट लावा." आणि एसटी चुकेल म्हणून तो पळाला.

अप्पा कडक लिंगायत, त्यांच्या घरात चामडं उंबऱ्याच्या आत येत नसे. म्हणून दाजींनी पट्टा गोठ्यातच खुंटीला टांगला. गुरं चारा छावणीत होती, गोठा मोकळाच होता.

पहिल्या सोमवारी गौराक्कानं, म्हणजे माझ्या बहिणीनं, मोजून वाटीभर पाणी दिलं. फेस झाला, अप्पांनी गालाला लावून घेतला. दाजींनी वस्तरा जवळ नेला मात्र, अप्पांनी तोंड भिंतीकडं फिरवलं आणि गळ्यातल्या शिवदोऱ्याला बांधलेली लिंगाची चांदीची डबी डाव्या मुठीत घट्ट धरली.

दाजींनी काय समजायचं ते समजून घेतलं. "माझ्या हातावर भरोसा न्हाई त्यांचा," ते मला म्हणाले. "बराबर हाय. मलाच न्हाई. दोरा कापला न् लिंग खाली पडलं, तर अप्पा तिथंच जीव सोडतील."

दाढी नाही म्हणून अप्पा पूजेला बसले नाहीत आणि पूजा नाही म्हणून जेवले नाहीत. दुसऱ्या दिवशीही नाही, तिसऱ्या दिवशीही नाही. औषध म्हणून सकाळ-संध्याकाळ थोडं दूध घ्यायचे, तेवढंच. मी शहाणपणा करून सेफ्टी रेझर आणला. पडलेल्या गालाच्या घडीत तो अडकला, रक्त आलं, अप्पांनी तो झिडकारला. अहमदपूरचा वारीक आणला, त्याच्याकडंही त्यांनी पाठच केली.

आठवडाभर दाजी स्वतःच्या गालावर शिकत होते. आधी घासताना वस्तऱ्याची पाठ उचलली जायची, त्यामुळं धारच बोथट व्हायची. दुकानात गिऱ्हाईक विचारायचं, मांजरीनं बोचकारलं का? शेवटी शनिवारी मनगटावरचे केस नुसत्या स्पर्शानं उतरले. सोमवारी दाजी उमेदीनं आत गेले. अप्पांनी पुन्हा तोंड फिरवलं. सदऱ्याच्या गळ्यातून त्यांची हाडं वर आलेली दिसत होती. गौराक्का चुलीपाशी पदर तोंडाला लावून रडली.

दुसऱ्या दिवशी दाजी आणि मी लातूरला गेलो. एका नव्या ऑफिससमोर लिंबाखाली दगडोबानं खुर्ची मांडली होती. त्यानं सगळं ऐकलं आणि हातातला ब्रश खाली ठेवला.

"पट्टा लावता का त्याला?"

"तूच सांगितलंस न्हवं?"

त्यानं कपाळावर हात मारला. "घाईत ऱ्हायलं मालक! सवयीनं पट्टा बी दिला न् तेच शिकवलं. अप्पांच्या वस्तऱ्याला मी चाळीस सालांत चामडं लावलं न्हाई. त्यांची वाचा गेली, नाक कुठं गेलंय? चामड्याचा वास आला त्यांना." त्यानं डावा तळहात उघडून दाखवला. मधोमधची कातडी गुळगुळीत, चकचकीत झालेली. "शेवटची धार हितं. राखेनं वस्तरा घासा, दगडावर नव्यानं लावा आन् मग हातावर."

परतीच्या एसटीत दाजी सारखे आपल्या तळहाताकडं बघत होते. "याच हातावर लिंग ठिवून पूजा करतो मी, वीरभद्र. त्याच्यावर वस्तरा फिरवायचा?" ते म्हणाले. अप्पांचे मोजके दिवस उरलेत, हेच माझ्या डोक्यात घोळत होतं.

रविवारी सराव करताना वस्तरा धारेवरून उलटला आणि दाजींच्या तळहाताला चीर पडली. त्यांनी चिरेत हळद दाबली.

सोमवारी मात्र त्यांनी एक गोष्ट स्वतःच्या डोक्यानं केली. ते गोठ्यात गेले नाहीत. अप्पांच्या समोर मांडी घातली, राखेनं घासलेल्या वस्तऱ्याला दगडावर चार थेंब टाकून धार लावली आणि मग वस्तरा तळहातावर फिरवायला लागले. चीर वाचवत, अंगठ्याच्या बाजूनं, पाठ पुढं, धार मागं. अप्पा टक लावून बघत होते. हळदीनं पिवळ्या झालेल्या हातावर त्यांची नजर बराच वेळ थांबली.

फेस लावून दाजींनी वस्तरा जवळ नेला. अप्पांचा डावा हात वर आला, शिवदोऱ्याकडं गेला. गेलं, मी मनात म्हटलं. पण अप्पांनी डबी मुठीत धरली नाही. दोरा बोटानं उचलून त्यांनी खांद्याच्या बाजूला सारला आणि हनुवटी वर केली.

दाजींनी गालांपासून गळ्यापर्यंत सावकाश दाढी केली. कुठंही कापलं नाही.

अंग पुसून झालं, पूजा झाली. गौराक्कानं दुधात भाकर कुस्करून दिली. दाजी घास भरवत होते तेवढ्यात शेजारचा नागप्पा धावत आला. "मालक, दुकान सकाळपासून सताड उघडं हाय! कुणीच न्हाई तिथं!"

दाजी उठलेच नाहीत.

"असू दे," म्हणाले, आणि अप्पांच्या तोंडात पुढचा घास घातला.